ताइनाराची दाढ

मार्लुसी डॉक्टरीण भांडकुदळ आहे, असं आमच्या लागोआ वेल्या गावात कोणीही सांगेल. आहेच ती. पण ती का भांडते हे विचारलं की सगळे मूग गिळून बसतात, म्हणून मी सांगते. मी किटेरिया, इथल्या शाळेत स्वयंपाक करते. मलाही राग येतो, तेव्हा हे गोडीगुलाबीनं सांगून होणार नाही.

मार्लुसी इथलीच. तिचा बाप आमारो कारखान्याच्या मळ्यात ऊस तोडायचा. तिला पंधरावं लागलं तेव्हा बापानं पाळलेलं डुक्कर विकून तिला भेट दिली. भेट काय, तर कवळी! तोंडात दोन-तीन दात किडलेले, बाकी सगळे धडधाकट. पण आमच्याकडे तेव्हा रीतच होती. लग्नाआधी पोरीचे दात एकदाचे काढून टाकले, कवळी बसवली, की सासरी जाऊन दातदुखीचं रडगाणं नको. नवा फ्रॉक शिवला, आणि एका सकाळी दात काढणाऱ्यानं तिचं तोंड रिकामं केलं. शेजारणी बघायला आल्या आणि म्हणाल्या, नशीब काढलंस गं बाई.

ऊस तोडणाऱ्याची लेक, आणि त्या दिवसापासून तिनं उसाचं कांडं दातानं सोलून खाल्लेलं नाही. बापावर चिडायची सोय नाही, कारण बिचाऱ्यानं प्रेमानं केलेलं. असला राग माणसानं ठेवायचा कुठे? मार्लुसीनं तो घेतला आणि राजधानीत जाऊन दातांची डॉक्टरीण झाली. मग सरकारी नोकरी धरून परत इथेच आली, आमच्या डोक्यावर बसायला.

दवाखाना तालुक्याला. तिकडे पोरं जात नाहीत, गेली तर मशीनचा आवाज ऐकून खुर्चीवरून उडी मारून पळतात. म्हणून मार्लुसी शाळेत यायची, एक पिशवी घेऊन. माझ्या जेवणघरातली दोन टेबलं जोडायची, त्यावर पिठाच्या पोत्यांची घडी उशाला. पोर आडवं झालं की ती डोक्याशी बसायची, कपाळावर दिवा बांधून. इवल्याशा चमच्यासारख्या हत्यारानं कीड खरवडून काढायची. मऊ झालेलं तेवढंच काढायचं, चांगल्या दाताला हात लावायचा नाही. मग पूड आणि थेंब कालवून पांढरा लगदा करायचा, तो खड्ड्यात भरायचा आणि व्हॅसलिन लावलेल्या बोटानं दाबून धरायचा. सुई नाही, मशीन नाही, रक्त नाही. एक पोर तर मध्येच घोरायला लागलं होतं. हत्यारं उकळायला माझा जुना प्रेशर कुकर मी तिला देऊन टाकला होता, घेवडा शिजवायला दुसरा होता.

आता यात चिडण्यासारखं काय आहे सांगा? पण आया चिडल्या! शाळेतल्या सभेत निवाल्दा उभी राहिली. निवाल्दा म्हणजे ताइनाराची आई. आणि ताइनाराला बाप्तिस्म्याच्या वेळी मार्लुसीनंच कडेवर घेतलं होतं, ती तिची मादरिन्या, धर्माची आई. म्हणजे निवाल्दा आणि मार्लुसी एकमेकींच्या कोमाद्री. सख्ख्या बहिणी बोलायच्या बंद होतील, कोमाद्री नाही.

"कोमाद्री, राग मानू नकोस," निवाल्दा म्हणाली, "पण शहरातल्या पोरांना मशीन, इंजेक्शन, सगळं. आणि आमच्यांना चमच्यानं खरवडून माती लिंपायची? गरिबाला काय, काहीही चालतं होय?"

सगळ्या बायांनी माना डोलावल्या. मला निवाल्दाचं बोलणं तसं खोटं वाटलं नाही. आमच्या वाट्याला नेहमी उरलंसुरलंच येतं. पण मार्लुसीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पोर किंचाळल्याशिवाय तुम्हाला औषध झाल्यासारखं वाटत नाही!" ती कडाडली. "शहरातल्या पोरांचे दातसुद्धा मी असेच भरीन. आणि ऐका, सहाव्या वर्षी सगळ्यात मागे जी दाढ येते ती दुधाची नाही. ती पक्की. ती गेली की गेली. कळतंय का कोणाला, का भिंतीशी बोलतेय मी?"

बाया हसल्या. खरं तर चूक समजण्यासारखी होती. तिच्या जागेसाठी दुधाचा एकही दात पडत नाही, मागच्या बाजूनं गुपचूप येऊन बसते. मग आमच्याकडच्या बायांनी ती दुधात धरली तर नवल काय? माझ्या आईनंही धरली होती.

ताइनारा सात वर्षांची. खालच्या बाजूची तिची तीच दाढ किडली होती. मार्लुसीनं ती माझ्यादेखत भरली. पोरगी टेबलावर पडून पाय हलवत होती, आणि झाल्यावर विचारते, "मादरिन्या, सुरू कधी करणार?" मार्लुसी एवढी हसली की कपाळावरचा दिवा घसरला. मग तिनं निवाल्दाला बजावलं, तासभर काही खायला देऊ नकोस. निवाल्दानं फाटकाबाहेर पडल्या पडल्या पोरीच्या हातात गुळाचा खडा दिला, शहाण्यासारखी बसली होती म्हणून. दोन दिवसांनी भरलेल्याची कडेची कपची निघाली.

"बघ, निघाली माती," निवाल्दा मला दाखवत होती.

"कपचीच निघालीय गं, बाकीचं घट्ट आहे," मी म्हटलं. "मार्लुसी सोमवारी येतेय, नीट करील."

सोमवारच्या आधी रविवार आला, आणि रविवारी आला आदाल्बेर्तो. महापौर व्हायला निघालेला, तीन पिढ्यांचे मळे असलेला. निवडणूक जवळ आली की याला आमच्या तोंडाची आठवण होते. मोठ्यांना कवळी वाटतो. वरची मतदानाआधी, खालची निवडून आल्यावर! लोक हसत सांगतात हे. मला हसू येत नाही, माझ्या अंगाचा तिळपापड होतो. या खेपेला त्यानं पोरांसाठी ट्रक आणला होता. वर खुर्ची, छत्री, पक्कड घेतलेला भाड्याचा माणूस आणि कर्णा. कर्णा ओरडत होता, "मलमपट्टी नाही! मुळासकट काम! आणि प्रत्येक शूर बाळाला बक्षीस!"

चर्चमधून बाहेर पडते तर रांगेत निवाल्दा, हाताशी ताइनारा.

"निवाल्दा, कोमाद्रीला विचारलंस का?"

"तिला काय विचारायचं, किटेरिया? पुन्हा मातीच लिंपणार. दुधाची तर दाढ, आज ना उद्या पडायचीच. उगाच पोरीला दुखत राहायचं."

"दुखतंय का तिला?"

"आज नाही दुखत. उद्या दुखेल."

मी पुढे बोलत बसले नाही. मोटारसायकलवाल्याला पकडलं आणि मार्लुसीच्या घरी गेले. ती केस धूत होती. तशीच, ओल्या केसांनी मागे बसली.

उशीर झाला होता. ताइनारा न्हाव्याच्या दुकानासमोर उभी होती. गालात कापूस, काखेत नवी बाहुली, मुठीत दाढ. मादरिन्याला बघून तिनं सवयीनं हात पुढे केला, कापसातून बोबडं म्हणाली, "आशीर्वाद, मादरिन्या."

"देव तुझं भलं करो," मार्लुसी म्हणाली. मग तिनं पोरीची मूठ उघडून पाहिली. दाढेत तिनं भरलेलं पांढरं तसंच घट्ट होतं. फक्त कडेची ती कपची नव्हती.

आणि मग ती निवाल्दावर तुटून पडली. अख्खा चौक गोळा झाला.

"पक्की दाढ होती! पक्की! मी सांगितलं होतं तुला!"

"सांगितलं नव्हतंस," निवाल्दाचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण तिचाही आवाज चढला. "ओरडली होतीस. सगळ्यांसमोर आम्हाला भिंत म्हणाली होतीस. तू सांगतेस कधी, कोमाद्री?"

मला दोघींच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. त्याहून जास्त त्या कर्ण्यावाल्याच्या. तो ट्रकवरून खाली बघून हसत होता.

ताइनारानं मार्लुसीचा झगा ओढला. आमच्याकडे पडलेला दात पोरं कौलांवर फेकतात, किडका घे नि चांगला दे म्हणून छपराला सांगतात. तिला तेच करायचं होतं, पण न्हाव्याचं कौल उंच होतं.

"मला उचल ना. नवी कधी येईल?"

मार्लुसी तिच्यासमोर उकिडवी बसली. ओल्या केसांचं पाणी तिच्या पाठीवरून गळत होतं.

"नवी नाही येणार, बाळा. ही शेवटची होती."

ताइनारानं मुठीतली दाढ पुढे केली. "मग हीच परत बसव. तुझ्याकडे पांढरं आहे ना? तू केलंस की दुखत नाही."

"ते मला येत नाही गं."

"कोणाला येतं?"

"कोणालाच नाही," मार्लुसी म्हणाली. या वेळी ती ओरडली नाही. हळू बोलली, निवाल्दालाही नीट ऐकू जाईल असं.

पोरीनं आईकडे पाहिलं. निवाल्दानं मान खाली घातली. तेव्हा ताइनारानं काखेतली बाहुली काढून आईच्या अंगावर फेकली.

"ही त्यांना परत दे," ती कापूस थुंकून किंचाळली. तोंडातून रक्ताची लाळ गळत होती. "मला माझी दाढ पाहिजे. जा ना, दे ना परत!"

ट्रकवरून पक्कडवाल्यानं हाक मारली, "पुढचा!" आणि रांग पुढे सरकली.