पेठेचा लुक

"म्हंजी कसं, पेठेला लुक पायजे, लुक! शिक्रापूर बघा कुठं गेलं!" आमच्या स्टेशनरीच्या दुकानात उभे राहून पेठेतले एक काका फोनवर कुणाला तरी सांगत होते.

शिरूरच्या जुन्या पेठेला नवं रूप देण्याचं काम व्यापाऱ्यांनी त्यांच्याकडे सोपवलं होतं. ते प्रत्येक बोलणं 'म्हंजी कसं'नं सुरू करायचे आणि उत्तर ऐकायला कधी थांबायचे नाहीत. पेठेवर त्यांचं फार प्रेम. फक्त, चपलांपासून चहापत्तीपर्यंत त्यांची ऑनलाइन पार्सलं आमच्या दुकानात यायची आणि मी ती त्यांच्या हातात द्यायचे.

पेठेच्या तोंडाशी भिंतीला टेकून एक मावशी बांगड्या भरायच्या. त्यांच्यामुळे लुक जातो म्हणून काकांनी आधी त्यांना उठवलं. मग परंपरा दिसावी म्हणून त्याच भिंतीवर बांगड्या भरणारी बाई रंगवून घेतली. फोटो काढणाऱ्यांसाठी समोर बाकही टाकला. मावशी एकदा येऊन बघून गेल्या. "नाक माझंच हाय गं," एवढंच मला म्हणाल्या. नंतर त्या पेठेत दिसल्या नाहीत.

काल ते घाईघाईनं आले. लेकीचं लग्न, दारात मांडव, बायका खोळंबलेल्या.

"म्हंजी कसं, हिरवा चुडा ऑनलाइन आला, पर भरायला कुणीच न्हाई. पोरी, त्या बांगडीवाल्या मावशी आता कुठं बसतात गं?"

पहिल्यांदाच ते उत्तरासाठी थांबले.

"भिंतीवर, काका," मी म्हणाले. "तुम्हीच बसवलंत ना त्यांना."