दणक्याचा नारळ

मंगळवार पेठेत आकाराम वरुटे यांचे शिलाईचे दुकान शोधायला पत्ता लागत नाही, कान पुरतात. दुपारी चारच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी उभे राहावे आणि जिकडून इलेक्ट्रिक गिटारचा टाहो ऐकू येईल तिकडे चालू लागावे. त्या टाहोच्या मुळाशी गळ्यात टेप घातलेला, शर्टाचे गळ्याचे बटणही न चुकता लावणारा, साठी ओलांडलेला एक गृहस्थ पायमशीनवर पँटीची शिवण घालत बसलेला दिसतो. असा माणूस भजने ऐकत असेल, असे पाहणाऱ्याला वाटते. एकाने तसे विचारलेही होते.

"भजनावर पाय मंद हुतोय," आकाराम म्हणाले होते, "आणि लावणीवर घसरतोय. ह्यो ड्रम कसा, सरळ शिवण घालतोय."

भोगावती काठच्या एका खेड्यातून ते तरुणपणी काम शिकायला पेठेत आले, ते इथलेच झाले. दुकान पुढे आणि घर मागे, मध्ये एक दार. दारापलीकडे पत्नी धोंडुबाई. दुकानाच्या पाटीवर 'फक्त जेंट्स' असे शब्द रंगवलेले. बायकांचे कपडे शिवायचे नाहीत, हा त्यांच्या उस्तादाने घालून दिलेला नियम त्यांनी इतकी वर्षे पाळला होता. बोलणेही असेच मापाचे. गिऱ्हाइकाला ते "कंबर" आणि "शनिवार" एवढे दोनच शब्द सांगतात, अशी पेठेतली थट्टा होती.

त्यांच्या या मापाच्या आयुष्यात एकच गोष्ट मापाबाहेरची होती. 'रेडिओ बुलंद' हे शहरातले केंद्र दरवर्षी नाताळच्या सुट्टीत रॉक संगीताची एक मैफल भरवी. तिचे नाव 'दणका'. जमलेला निधी कर्णबधिर मुलांच्या कानाच्या मशीनसाठी जाई. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी सगळ्या गावाच्या कानठळ्या बसवायच्या, असे केंद्राचा निवेदक ऋतुराज हसत सांगे. मैफल कितीही विलायती वळणाची असली तरी सुरुवात कोल्हापुरी रीतीनेच व्हायची. ड्रमला हळदकुंकू लागे, मोठ्या स्पीकरच्या पायथ्याशी दगड ठेवला जाई आणि त्यावर नारळ वाढवला जाई. तो मान पुढाऱ्याला नसे, नटालाही नसे. ऋतुराजचा दुपारी चारचा रॉकचा कार्यक्रम वर्षभर निष्ठेने ऐकणाऱ्या आणि त्यात वाचले जाणारे संदेश पाठवणाऱ्या एका श्रोत्याला तो मिळे.

तो नारळ आकारामांना हवा होता. आपले नाव माइकवर पुकारले जाते आहे, आपण पायऱ्या चढतो आहोत, हे चित्र मशीन मारता मारता त्यांनी इतक्यांदा पाहिले होते की त्यासाठी एक पांढरा नेहरू शर्टही शिवून ठेवला होता. पण नशिबी दरवर्षी मैदानातली खुर्ची. गेल्या वर्षी तर हुपरीच्या कृष्णातला मान मिळाला. घरात बसून चांदीचे पैंजण जोडणारा हा तिशीतला पोरगा. त्याने एका फटक्यात नारळ फोडला आणि आकाराम आठवडाभर जेवणात मीठ कमी असल्याची तक्रार करत राहिले.

कृष्णातवर मात करायची तर संदेश जास्त जायला हवेत. पण एका नंबरवरून दिवसाला एकच संदेश घेतला जाई. तेव्हा आकारामांनी धोंडुबाईंचा फोन हाती घेतला. तो एरवी मुलीचा फोन येण्यापुरताच वाजे. दुपारी त्या आडव्या झाल्या की हे त्यांच्या नावाने चार ओळी लिहून पाठवत.

आणि इथेच सगळे बिनसले. स्वतःच्या नावाने ते लिहीत: "स.न.वि.वि. आजच्या गीतातील ड्रमवादन वाखाणण्याजोगे होते. कळावे. आपला विश्वासू, आकाराम वरुटे." धोंडुबाईंच्या नावाने लिहिताना मात्र त्यांच्या बोटांना कुठून कोण जाणे, पाय फुटत. "ऋतुराजभाऊ, मघाशी गाणं लागलं आणि माझी भाकरी तव्यावर करपली. ती यांनाच वाढली. काही बोलले नाहीत. आता दुसरं गाणं लावा, दुसरी भाकरी टाकली आहे." एकदा तर त्यांनी लिहिले: "आमचे मालक दुकानात रेडिओ मोठ्यानं लावतात. त्यांना वाटतं, मला त्रास होतो. मी मधलं दार उघडंच ठेवते."

वास्तविक चार वाजले की धोंडुबाई ते दार धाडकन लावून घेत.

डिसेंबरच्या एका दुपारी आकाराम शर्टाला बटणांची काजे करत असताना ऋतुराजचा आवाज चढला. "तर मंडळी, यंदाच्या दणक्याच्या नारळाचा मान चाललाय मंगळवार पेठेत!"

आकारामांची सुई थांबली. पेठेत दुसरा होताच कोण!

"ज्यांच्या भाकरीचा वास अख्ख्या कोल्हापूरला आलाय, त्या आपल्या लाडक्या धोंडुबाई वरुटे!"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. आकारामांनी अर्धवट काज तसेच टेबलावर टाकले. मग उठून त्यांनी रेडिओ बंद केला. चार वाजता रेडिओ बंद झाला, हे पाहून शेजारचा चहावाला घाबरून डोकावून गेला.

धोंडुबाईंना खरी हकिगत त्याच संध्याकाळी सांगावी लागली. त्यांनी पदर तोंडाला लावून हसून घेतले आणि विचारले, "माझ्या भाकऱ्या करपत्यात व्हय?"

"तसं लिवायचं आसतंय."

"आनि आता तितं जायाचं कुनी?"

'मी जातो' हे शब्द आकारामांच्या जिभेवर येऊन बसले होते. ते बाहेर पडण्याआधीच धोंडुबाई म्हणाल्या, "नाव माझं पुकारलंय म्हंजे मीच जातो की. एवढं बोलीवत्यात तर न्हाय कसं म्हनायचं?"

पुढचे दिवस आकारामांना वैऱ्यालाही येऊ नयेत असे गेले. मंडईत भाजीवाली धोंडुबाईंना कोथिंबीर जास्तीची देऊ लागली. कॉलेजच्या मुली वाट अडवून त्यांच्याबरोबर फोटो काढू लागल्या. गिऱ्हाईक दुकानात येई, पँट टाकी आणि विचारी, "काकू हायत काय आत?" चहावाल्याने तर बरणीवर कागदच चिकटवला: 'धोंडुबाईंची आवडती बिस्किटे.' त्यांना ती बिस्किटे आवडत, हे आकारामांनीच एका संदेशात लिहिले होते, आणि खरे तर ती आकारामांना आवडत. आपण शिवलेला कोट दुसऱ्याच्या अंगावर शोभावा आणि लोकांनी त्या दुसऱ्याच्या खांद्यांचे कौतुक करावे, तसे हे होते. त्यांच्या पोटात दुखत होते आणि ते दुखणे कुणाला सांगण्याची सोय नव्हती. वैरी हुपरीचा असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या. हा वैरी रोज समोर ताट वाढत होता.

मैफलीला चार दिवस राहिले असताना धोंडुबाईंनी कटिंगच्या टेबलावर खणाचा तुकडा आणून ठेवला.

"इरकलीवरचं झंपर शिवायचं हाय. माझी झंपरं शिवनारी संयोगिता म्हनती, लग्नाची कापडं पडल्यात, म्हैनाभर हात लावनार न्हाय."

"पाटी वाचलीस काय भाईरची?"

"वाचली. रंग गेलाय तिचा."

आकारामांनी माप घेतले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी पत्नीच्या खांद्यावर टेप पहिल्यांदाच ठेवला. खण कापताना मुंढ्याचा, म्हणजे बाही खांद्याला जोडतात त्या गोलाचा, खडू जरा आत वळला. ते त्यांना दिसले. कातरी लावण्यापूर्वी खडू पुसता आला असता. त्यांनी पुसला नाही. धोंडुबाईंनी घालून पाहिले तेव्हा त्या म्हणाल्या, "काखंत वडतंय वो जरा."

"नवं कापड हाय. मोकळं हुईल," आकाराम म्हणाले आणि सुईत दोरा ओवायला वळले. तो दोरा त्या दिवशी लवकर ओवला गेला नाही.

कॉलेजच्या मैदानावर ऊन उतरताना गर्दी जमली. मंचावर केस वाढवलेली मुले तारा जुळवत होती. आकाराम पांढरा नेहरू शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसले. तो न घालण्याचे कारण धोंडुबाईंना काय सांगायचे, हे त्यांना सुचले नव्हते. शेजारच्या खुर्चीत एक तरुण येऊन बसला. तो नेमका कृष्णात निघाला.

"तुमीच व्हय धोंडुबाईंचं मालक?" त्याने आकारामांचा हात दोन्ही हातांत धरला. "काय लिवत्यात वो त्या! आमच्या घरात पैंजन जोडता जोडता बायका काम थांबवून ऐकत्यात. मला पावसाळ्यातच कळलं हुतं, आता आपलं काय खरं न्हाय."

"मी बी लिवतोय," आकाराम म्हणाले.

"काय?"

"काय न्हाय."

तेवढ्यात नाव पुकारले गेले. हिरव्या इरकलीत, केसांत गजरा माळलेल्या धोंडुबाई पायऱ्या चढल्या आणि मैदान उठून उभे राहिले. ऋतुराजने वाकून नमस्कार केला. "काकू, ते मधलं दार अजून उघडं ठेवता ना, रेडिओ ऐकायला?"

धोंडुबाईंची नजर तिसऱ्या रांगेपर्यंत येऊन परत गेली. "दार लावलं तरी ऐकाय येतंय की रं बाबा. त्येवढा आवाज तर आसतोय."

हशा उसळला. आकारामांना तो हशाही आपलाच चोरीला गेलेला ऐवज वाटला. असले वाक्य त्यांना सुचले नसते. हे त्यांना ठाऊक होते आणि तेच जास्त झोंबले.

ड्रमला हळदकुंकू लागले. नारळ हाती आला. धोंडुबाईंनी तो उचलला आणि हात खांद्याशी येऊन अडकला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. खण ताणला गेला, नारळ मात्र कानाच्या वर जाईना. मुले ड्रमच्या काड्या उगारून थांबली होती. मैदानात कुजबूज सुरू झाली. हे होणार, हे तिसऱ्या रांगेतल्या आकारामांना त्या खडूच्या रेषेपासून ठाऊक होते. पण एवढ्या लोकांत तिचा चेहरा असा गोरामोरा होईल, हे त्यांनी कापले नव्हते.

"अवो!" माइकमधून हाक आली. "कुटं बसलासा? वर या. मुंढ्यात हात धरलाय."

"काय झालं काकू?" ऋतुराजने विचारले.

"आमच्या मालकानं शिवलंय. पँटीचं टेलर हाईत त्ये. झंपराला बी पँटीगतच घट केलंय बगा."

हसण्याच्या लाटेवरून आकाराम मंचावर पोचले. ज्या पायऱ्या त्यांनी मशीनवर बसून हजारदा चढल्या होत्या, त्या प्रत्यक्षात फारच उंच निघाल्या. धोंडुबाईंनी माइककडे पाठ केली आणि हळू आवाजात विचारले, "मुद्दाम केलासा?"

आकारामांची मान खाली गेली.

"वाटलंच मला. घ्या, फोडा. तुमालाच फोडायचा हुता न्हवं?"

नारळ त्यांच्या हातात आला. पहिला घाव दगडाच्या कडेवर घसरला. दुसऱ्याला तो फुटला, पाणी उडाले आणि ड्रमचा असा दणका बसला की मंचाच्या फळ्या पायाखाली थरथरल्या.

"जोरात टाळ्या!" ऋतुराज ओरडला. "धोंडुबाईंच्या मालकांसाठी!"

मैदान टाळ्यांनी भरून गेले. हातात नारळाची भकले धरून आकाराम उभे होते. नाव पुकारले जाईल म्हणून त्यांनी थोडी वाट पाहिली. मग ते खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी चारच्या आधी त्यांनी ते झंपर टेबलावर घेतले. आत माया, म्हणजे शिवणीत दुमडलेले जादा कापड, ठेवलेली होती, मुंढा मोकळा करता येणार होता. ते उसवायला बसण्यापूर्वी त्यांनी फोन उचलला, स्वतःचा. 'स.न.वि.वि.' लिहिले आणि पुसले. मग लिहिले: "ऋतुराजभाऊ, काल पहिला घाव चुकला कारण हात कापत होता. मुंढा मीच घट्ट शिवला होता, समजून-उमजून. आज उसवतो आहे. उसवताना ऐकता येईल असं काही लावा. आकाराम वरुटे."

कार्यक्रम सुरू झाला. ऋतुराजने धोंडुबाईंच्या गमती सांगण्यात अर्धा वेळ घालवला. मग गाणी लागली, इतरांचे संदेश झाले, कृष्णातचाही झाला. आकारामांचा आला नाही.

मागे चाहूल लागली म्हणून त्यांनी वळून पाहिले. मधल्या दारात धोंडुबाई उभ्या होत्या, हाताला पीठ लागलेले.

"न्हाय वाचलं?"

"तुला काय ठावं, मी काय लिवलं त्ये?"

"पुटपुटत लिवतासा की. सगळं ऐकलं आतनं." त्या चौकटीला टेकल्या. "वाचत्याल उद्या. माझं बी पयल्या येळंला कुटं वाचलं हुतं?"

'तुझं' म्हणजे कुणाचं, हा प्रश्न गिळून आकारामांनी कातरीचे टोक दाराकडे केले.

"दार लाव. धूर येतोय चुलीचा."

"ऱ्हाऊ दे की उगडं," धोंडुबाई आत जाता जाता म्हणाल्या. "माझ्या नावाचं आजून काय आलं तर ऐकाय नगं?"

आकारामांनी दाताने दोरा तोडला आणि दुसऱ्या बाहीला हात घातला.