हसायची आली की हाक मार

आज अभयच्या अंत्यविधीत मी हसलो.

मनातल्या मनात नाही. मोठ्याने, सगळ्यांसमोर. आणि थांबता येईना.

अभय माझा जपानातला, सेंदाईचा रूममेट. नव्वदच्या दशकात आम्ही दोघं तिथे पीएचडी करत होतो. एक खोली, एक सेकंडहँड टीव्ही.

त्यावर एक सिरीज लागायची. एका एपिसोडमध्ये चार वेगळ्या गोष्टी. तीन भुताखेतांच्या, आणि मध्येच एक विनोदी.

मी म्हणायचो, ती विनोदी म्हणजे नुसता टाइमपास.
अभय मात्र तेवढीच बघायचा. फिजिक्सवाला माणूस, पण भित्री भागूबाई. भुताची गोष्ट सुरू झाली की उठून भांडी घासायला जायचा.

"हसायची आली की हाक मार रे."

मी हाक मारली की साहेब ओल्या हातांनीच येऊन बसायचे.

त्यातली एक त्याची फार लाडकी. अंत्यविधीला आलेले सगळे गुडघे मुडपून इतका वेळ बसतात की पायांना मुंग्या येतात, कुणालाच उठता येत नाही. शेवटी मेलेला माणूसच शवपेटीतून उठतो आणि एकेकाला हात देऊन उभं करतो.

अभय डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचा.

आज अंत्यविधीला बौद्ध देवळात मला खुर्ची देत होते. मी कसला घेतोय. "इतकी वर्षं जपानात काढली, बसतो की खाली."

धूप वाहायला माझं नाव पुकारलं. उठलो आणि सरळ आडवा झालो. पाय आहेत की नाहीत, तेच कळेना.

पडल्या पडल्या मी त्याच्या पेटीकडे बघितलं.
वाटलं, आता हा उठणार.

तिथेच हसू फुटलं.

काळ्या कपड्यांतली सगळी माणसं मान खाली घालून बसली होती. अभयच्या मुलीने, मेईने, माझ्याकडे एकदा बघितलं. मग परत बघितलंच नाही. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून फिरलेली पोर ती. धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

नंतर युकिकोसमोर, त्याच्या बायकोसमोर, हात जोडून उभा राहिलो.

युकिको मराठी त्याच्याकडूनच शिकली.

"भाऊजी, घरी पण तो भांडी घासायला जायचा. मी हाक मारायचे."

ती हसली नाही. रडलीही नाही.

"आज हसायची आली होती. तुम्ही त्याला हाक का नाही मारली?"

ग्योतोकुला, माझ्या घरी येईपर्यंत मान वर करवली नाही.

अभय, भांडी राहू दे.
हसायची आली आहे.

ये रे.