तोरणाखालची कबुली

खुशालरावांना आमचं वलगाव 'पायलट' म्हणायचं, आणि त्यात कौतुक औषधालाही नव्हतं. महायुद्धात हा माणूस खरोखरच ब्रह्मदेशावर विमान चालवून आला होता. तिथे एकदा तीन तांबूस दिवे त्यांच्या विमानाच्या पंखाशेजारून उडत राहिले. हे वळले की दिवेही वळत. त्यांनी वरिष्ठांना सांगितलं. तसले दिवे इतर वैमानिकांनीही पाहिले होते. सैन्यात कुणी हसलं नाही. हसलं ते आमचं गाव, आणि पुढे वर्षानुवर्षं हसतच राहिलं.

"पायलं ते पायलं," एवढंच खुशालराव म्हणायचे.

त्रेसष्ट साली त्यांच्या शकुनचं हिवरखेडच्या नत्थुजींच्या मुलाशी जमत आलं. मुलगा मॅट्रिक, घरचं ओलिताचं वावर. पोरगी हुरळून गेली होती. फक्त सुपारी फुटायची बाकी होती, आणि नत्थुजी पोळ्याला मुक्कामी आले.

आमच्याकडे पोळ्याच्या तोरणाखाली बैल सुटण्याआधी झडत्या म्हणतात. दोन-चार ओळींत कुणाचीही सालटी काढायची मुभाच असते. पाहुणे बघून गावच्या देवीदासला चेव चढला.

"आभायात दिवे पाये, घरात नाई तेल,
पायलटाच्या डोस्क्यावर चढला भुताचा वेल!"

हर हर महादेवाच्या गजरात गाव खदाखदा हसलं. मला त्या हसण्याची आजही किळस येते. नत्थुजी तेवढे हसले नाहीत.

"खुशालराव, घरान्यात येड हाय काय?" त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. "ते दिवे खरंच पायले तुमी? खोटं असन तं सांगून टाका, आत्ताच सुपारी फोडतो."

खुशालरावांनी बायकांच्या घोळक्यातल्या शकुनकडे पाहिलं. हातातली बैलाची वेसण घट्ट धरली.

"नाई पायले," ते म्हणाले. "खोटं सांगत होतो. गंमत म्हनून."

नत्थुजींनी फेटा सारखा केला. "येड परवडलं असतं, त्याले औषध असते. इतके वर्स सरकारले अन् गावाले खोटं सांगनाऱ्याशी आमी सोयरीक कावून करावी?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते अकोटच्या वाटेनं हिवरखेडला निघून गेले.

शकुन रडली नाही. चुलीपाशी बसून बापाला म्हणाली, "बाबा, साऱ्या गावात मी एकटी तुमचं खरं मानत होती. आता मी काय मानू?"

 खुशालरावांनी आता काहीही सांगितलं असतं, तरी ते तिला खोटंच वाटलं असतं.