पंख्याचा आवाज

केरळात, पूंजारच्या वरच्या अंगाला, तीन बाजूंनी रबराची झाडं असलेल्या उतारावर ब्रिजितचं घर आहे. अंगणात जायफळाची सतरा झाडं आहेत, आणि प्रत्येकाला परक्या गावाचं नाव आहे. फाटकापाशी उभं आहे ते गॉलवे. विहिरीजवळचं लीड्स. न्हाणीच्या पाण्यावर माजलंय ते पर्थ. ब्रिजितकडे शिकून जी मुलगी नर्सांची इंग्रजीची परीक्षा पास होते, ती परदेशी जाण्याआधी इथं येते, आपल्या हातानं एक रोप लावते आणि मगच विमानतळाची वाट धरते. ही रीत कुणी घातली म्हणून ब्रिजितला विचारलं तर ती सासऱ्यांकडे बोट दाखवते. सासऱ्यांना विचारलं तर ते म्हणतात, "मी आंधळा माणूस. कोण काय लावून जातं, मला काय ठाऊक?"

ब्रिजित स्वतः बारा वर्षं ओमानात नर्स होती. सासूबाईंनी अंथरूण धरलं तेव्हा नोकरी सोडून आली, त्यांचं सगळं केलं, आणि त्या गेल्यावर इथलीच झाली. शिकवणं सुरू झालं ते बहिणीच्या मुलीपासून, फोनवर, कप्प्याचे कंद सोलता सोलता. आता पडवीत टेबल आहे, टेबलावर संगणक, मागं येशूचं चित्र. शिकणाऱ्या मुली कुठं कुठं असतात. कुणी सौदीत, कुणी दिल्लीत, कुणी वॉर्डातल्या कपडे बदलायच्या खोलीतूनच डोकावते. पालाईच्या रस्त्यावर मोठाल्या पाट्यांचे क्लास आहेत. पाटीवर हसणारी गोरी बाई असते. ब्रिजितकडे पाटी नाही. "माझी पाटी अंगणात वाढते," असं ती म्हणते, आणि म्हणताना तिची मान थोडी ताठ होते. होऊ दे. तिनं ती कमावली आहे.

अशा बाईची एक मुलगी नापास झाली.

जोस्मी तिचं नाव. कट्टप्पनाची. सौदीतल्या हाइल गावी इस्पितळात होती, आणि तिची चार वर्षांची लेक इवा होती घरी, नवऱ्याजवळ आणि सासूजवळ. नर्सांच्या वसतिगृहात लेकराला जागा नसते. आयर्लंडमधल्या स्लायगोच्या एका इस्पितळानं जोस्मीला निवडलं होतं, आणि त्यांच्या पत्रात इवालाही जागा होती. पण पत्राची मुदत ऑगस्टअखेरपर्यंत. वाचणं, लिहिणं, ऐकणं हे सगळं जोस्मीनं पहिल्या फटक्यात काढलं होतं. अडली ती तोंडी परीक्षेत. त्यात समोरचा माणूस रोगी होतो, आपण नर्स व्हायचं आणि त्याच्याशी बोलायचं. दोनदा दुसरीकडे शिकून ती आपटली होती. तिसऱ्यांदा ब्रिजितकडे शिकून.

"टीचर, माझ्यातच काही नाही," निकालाच्या दिवशी ती पडद्यावर म्हणाली. डोळे सुजलेले.

"वेडी आहेस का? माझ्या सतरा जणींत तुझ्याइतकी मायेची एक नव्हती."

हे ब्रिजित उगाच बोलत नव्हती. सरावात ती दुःखाची बातमी ऐकणारी बाई व्हायची तेव्हा पलीकडून जोस्मी अशी पाहायची की ब्रिजितला खरंच भरून यायचं. मग चुकत होतं काय? ब्रिजितनं रात्रभर नव्हे, पुरता आठवडा हाच घोर घेतला. पुस्तकं बदलली, प्रश्न बदलले. चौथ्या परीक्षेला पाच आठवडे उरले होते आणि त्यानंतर ऑगस्टअखेरच्या आत पुन्हा संधी नव्हती.

पडवीच्या दुसऱ्या टोकाला सासरे बसायचे. उलहन्नान त्यांचं नाव, पण मुली त्यांना अप्पच्चन म्हणायच्या, म्हणजे आजोबा. चौऱ्याऐंशी वर्षांचे. मुंडक्कयमजवळच्या चहाच्या मळ्यात हिशेबनीस होते, गोऱ्या म्यानेजरच्या हाताखाली इंग्रजी शिकलेले. काचबिंदूनं डोळे गेले, पण बोटं शाबूत. मांडीवर सूप घेऊन जायफळावरची लाल जायपत्री फाटू न देता सोडवायची, हे काम ते कुणाला करू देत नसत.

एके दिवशी सराव संपला, आणि ते सुनेला म्हणाले, "मोळे, अगं मुली, ही पोरगी मधेच उठून जाते कुठं?"

"कुठं जाते? समोर तर असते."

"मग बोलत का नाही? तू म्हणालीस, माझा नवरा गेला. मग रडलीस. चांगली रडलीस, आणि तिकडून काय? पंख्याचा आवाज. मग तू म्हणालीस, मला भीती वाटते. पुन्हा पंखा. मला वाटलं, पंख्यालाच शिकवतेस."

ब्रिजित हसायला गेली, आणि हसू ओठांवरच राहिलं.

जोस्मी बोलत नव्हती. ती पुढं झुकायची. मान इकडून तिकडं हलवायची, आपल्याकडची ती हो म्हणणारी, असू दे म्हणणारी, मी आहे म्हणणारी मान. आणि ब्रिजित? तीही पडद्यासमोर मान हलवून उत्तर द्यायची. दोघींचं सगळं समजायचं. पण परीक्षेचं नुसतं ध्वनिमुद्रण होतं, ते सातासमुद्रापार जातं, आणि तिथं कुणीतरी कानांनी ऐकून गुण देतं. हे ब्रिजितला पाठ होतं. प्रत्येक मुलीला ती पहिल्या दिवशी सांगायची. आणि तरी तीन महिने ती डोळ्यांनी ऐकत बसली होती.

"अप्पच्चन," ती हळू म्हणाली, "माझीच चूक झाली."

"झाली असेल. आता कॉफी दे."

दुसऱ्या दिवशी ब्रिजितनं आपली खुर्ची उचलली आणि तिथं म्हाताऱ्याची ठेवली. "आजपासून रोगी हे."

"यांना तर..." जोस्मी चाचरली.

"दिसत नाही. म्हणूनच," म्हातारा इंग्रजीत गरजला. "सिस्टर! माझा पाय कापायचा म्हणतात. मी कापू देणार नाही! आणि दारूही सोडणार नाही!"

जोस्मीनं मान हलवली.

"कोण आहे? कुणी आहे का खोलीत? ब्रिजित, तो पंखा बंद कर, रोग्याला थंडी वाजते!"

"आहे, अप्पच्चन, मी आहे!"

"मग सांग की! माझ्या कानाला तुझी मान दिसत नाही!"

पहिला आठवडा असाच भांडणात गेला. जोस्मीला लाज वाटायची. मनातली माया तोंडानं बोलून दाखवायची म्हणजे बाजारात मांडल्यासारखं, असं तिला वाटे. "आमच्या घरी असं कुणी बोलत नाही, टीचर. आई नुसती ताट पुढं सरकवते."

"ताट सरकवलेलंही अप्पच्चनना दिसत नाही," ब्रिजित म्हणाली. "वाढलंय म्हणून सांगावं लागतं. तू हातानं जे करतेस ना, तेच तोंडानं सांग. नवीन काही नको."

म्हातारा रोज नवा रोगी व्हायचा. कधी बायकोवर संशय घेणारा, कधी सुईला घाबरणारा पैलवान. स्वयंपाकघरात ब्रिजित पदर तोंडाशी धरून हसायची. मग एक दिवस त्यानं सोंग आणलं ते अगदी साधं. "सिस्टर, माझी बायको आत आहे. कुणी काही सांगत नाही."

पलीकडून पंखा घरघरला. ब्रिजितला वाटलं, झालं, पुन्हा तेच. पण मग आवाज आला, सावकाश, एकेक शब्द तोलून.

"मी तुमच्या शेजारी बसते आहे. तुमचा हात मी हातात घेते, चालेल? घाई नाही. तुम्हाला बोलावंसं वाटलं नाही तरी मी इथंच आहे. आत काय चाललंय ते मी विचारून येते आणि लगेच तुम्हाला सांगते."

म्हाताऱ्याची बोटं सुपात एका जायपत्रीवर थांबली होती. अंगणातून सुकणाऱ्या रबराचा आंबूस वास येत होता. मग सोंग सोडून तो म्हणाला, "पास."

परीक्षा झाली. पुढं निकालाची वाट पाहणं आलं. त्या दिवसांत ब्रिजितनं इतर मुलींनाही म्हाताऱ्यापुढं बसवलं, आणि त्यांतल्या दोघी पंखा निघाल्या.

जुलैच्या मध्यावर, सकाळी दहाच्या सुमाराला जोस्मीचा फोन आला. पडद्यावर ती, अंगात ड्युटीचे कपडे, मास्क हनुवटीखाली. तोंड उघडेना. तिनं मान हलवली, इकडून तिकडं, आणि डोळ्यांतून धारा. ब्रिजितनं तोंडावर हात ठेवला आणि तीही मान हलवू लागली. दोघी नुसत्या हलत होत्या.

"पुन्हा पंखा!" म्हातारा ओरडला. "अगं, कुणीतरी बोला! कोण मेलं?"

जोस्मी रडता रडता फिसकन हसली. नाक पुसलं. मग परीक्षेतल्या आवाजात म्हणाली, "अप्पच्चन, मी जोस्मी. मी तुमच्या शेजारी बसले आहे. घाबरू नका. मी पास झालेय."

त्यानं सूप खाली ठेवलं. "गाव कोणतं म्हणालीस?"

"स्लायगो."

"लीड्सच्या पलीकडं जागा आहे. सावली कमी पडेल, पण मी नारळाच्या झावळ्या बांधीन. लेकीला घेऊन ये. आणि ऐक, रोप लावताना ती काय करते, माती कुठं उडवते, सगळं मला बोलून सांगायचं. काय?"

जोस्मीनं मान हलवली. मग तिचं तिलाच आठवलं, आणि ती मोठ्यानं म्हणाली, "हो."