भावाच्या वाट्याचं रडणं

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, बापूला नाही. आई गेली, तिला सांगायची राहिली— राहिली कसली, मीच राहू दिली. आता तुमच्यापुढे बसलोय तरी जीभ रेटत नाही. तसं पाहिलं तर एका ओळीत सांगून होईल. ती ओळ मी मनात कितीदा तरी लिहून पाहिली आहे, पण दर वेळी तिच्यातून मी अलगद निसटतो. थोडक्यात सांगायची हातोटी मला फार लवकर साधली, हेच तर सगळ्याचं मूळ आहे. म्हणून जरा लांबून येतो.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा पुसदपासून अर्ध्या दिवसाच्या पायवाटेवर. आजोबांच्या काळात आमची माणसं बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडायची. बापूच्या, म्हणजे वडिलांच्या, काळात नांगर आला. घरात आम्ही गोरबोली बोलायचो, आणि शाळेत मराठी. पुसदच्या वसतिगृहात राहून शिकलेला आमच्या तांड्यातला मी पहिलाच. हायस्कुलात पहिला निबंध लिहायला दिला तेव्हा मी आमच्या तांड्याबद्दल जे जे आठवलं ते ते लिहिलं. कोणाच्या अंगणात कोणती शेळी, कोणाच्या दारातला दगड बसून बसून गुळगुळीत झालाय, सगळं. मराठीच्या सरांनी पानावर लाल पेन्सिलीची आडवी रेघ ओढली आणि समासात एक शब्द लिहिला. पाल्हाळ. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, तांड्याची बंडी उताराला लागली की थांबत नाही. वर्ग खदखदून हसला. मीही हसलो— तुम्ही काय केलं असतं?

सर माणूस वाईट नव्हते, उलट मला माया लावणारे ते एकटेच होते. वर्ग सुटल्यावर त्यांनी मला बसवून घेतलं आणि समजावलं की वर्णन भरपूर कर, फक्त पाल्हाळ लावू नको. मी यातलं अर्धंच उचललं. दोन्हींत फरक काय, हे विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही. कापणं त्याहून सोपं होतं. मग मी कापतच सुटलो. माकडाच्या हाती कोलीत दिल्यासारखं झालं ते. पुढे नागपूरच्या एका साप्ताहिकात माझ्या चार-दोन कथा छापून आल्या, पुसदला मास्तरकी मिळाली, आणि मोजकं लिहिणारा म्हणून माझं थोडंफार नाव झालं. सुटीत घरी गेलो की आई बाजाराची हकीकत सांगायला बसायची, तर मी तिलाही म्हणायचो, मुद्द्याचं बोल. ती उठून चुलीपाशी जायची. तिला वाटायचं, शिकलेली माणसं अशीच असतात.

रुपली माझी धाकटी बहीण. तिचं लग्न झालं ते महाराष्ट्र राज्य झाल्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. आमच्यात नवरी सासरी निघताना ढावलो म्हणते. म्हणजे एकेकाच्या गळ्यात पडून, सुरात, शब्द जुळवत रडते. चाल जुनी असते आणि तांड्यातली एखादी म्हातारी ती शिकवते, पण शब्द ज्याचे त्याला असतात. आईसाठी वेगळे, बापासाठी वेगळे, गाईसाठीसुद्धा वेगळे. नवरी कशी रडली यावर तिची किंमत ठरते. बायका ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. रुपली महिनाभर हेमली डोकरीकडे जाऊन बसत होती. मी सुटीत गेलो तेव्हा भाकरी थापताना पुटपुटायची, आणि मी जवळ गेलो की थांबून हसायची. तुझं तुला त्या दिवशीच ऐकायला मिळेल, म्हणायची.

लग्नाला मी सरांना बोलावलं होतं. ते आले— एवढ्या उन्हात, फाट्यापासून आमच्या बंडीत बसून. त्यांना खाटेवर बसवलं, शेजारी मी उभा राहिलो. आणि तेव्हापासून मला माझा तांडा त्यांच्या डोळ्यांनी दिसायला लागला. ती पोरं, ते ढोल, शेणाचा वास— सगळंच जरा जास्त वाटायला लागलं. लाज वाटली, सरळच सांगतो. स्वतःच्या माणसांची लाज वाटली.

मग रुपली रडायला उठली. बापूच्या गळ्यात पडून म्हणाली, तुझ्या डाव्या खांद्यावर पोत्यांचा घट्टा पडलाय, लहानपणी माझा गाल त्यावर घासला जायचा तरी मला तिथंच झोप लागायची. आईला म्हणाली, तुझ्या हातातले बलिये परातीवर वाजले की मला उजाडायचं, आता मला कोण उजाडून देणार. काटेरी कुंपणात कान फाटलेल्या तांबड्या गाईला म्हणाली, तू माझा हात ओला झाल्याशिवाय पाण्याला तोंड लावत नाहीस, नव्या हातावर रुसू नको. विहिरीच्या हलणाऱ्या पायरीचं नाव घेऊन सांगितलं, तिथं पाय जपून टाका, आता ओरडायला मी नाही. बाया पदराने डोळे पुसत होत्या. मीही बाहीने डोळे टिपले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मला कळलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

त्याच वेळी सरांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

एवढंच. माणूस घड्याळ बघतो. पण मला समासातला तो लाल शब्द दिसला, मागचा बाक हसल्याचं ऐकू आलं. रुपली माझ्याकडे वळली. भावाचं शेवटी असतं. तिने माझ्या गळ्यात हात टाकले, चेहरा भिजलेला, आणि सूर लावला, ‘वीरा—’. वीरा म्हणजे भाऊ. मी तिच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, ‘पुरे आता. पाल्हाळ नको.’

मराठीत म्हणालो. जन्मात तिच्याशी कधी मराठी बोललो नव्हतो. त्या घटकेला मराठी कुठून आली तोंडात? पाल्हाळ हा शब्द तिला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं, पण तिला तो कळला. गळ्यातले हात सैल झाले. माझ्याकडे बघून ती हळूच म्हणाली, ‘बरं, गुरुजी.’ आणि जाऊन बंडीत बसली.

हेमली डोकरी कपाळाला हात लावून बसली. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. सख्ख्या भावासाठी पोरगी कोरडी गेली, असं आमच्या तांड्यात कधी घडलं नव्हतं. आई बंडीजवळ धावत गेली, तिला हलवून विचारायला लागली, अगं काय झालं तुला. रुपलीने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी जमिनीकडे बघत होतो. तिने पदर तोंडावर ओढला आणि बंडी निघाली.

सरांनी मला नंतर विचारलं, ‘तुझ्यासाठी काही म्हटलं नाही तिने? मी मगापासून त्याचीच वाट बघत होतो. शेवटची मोटर चुकते की काय म्हणून जीव नुसता वरखाली होत होता.’ मी म्हणालो, आमच्यात भावासाठी नसतं. खोटं बोललो, तेही थोडक्यात.

आता खरी गोष्ट ऐका, कारण कानात बोललेलं ते वाक्य यापुढे काहीच नाही. दोष सगळा रुपलीवर गेला, आणि मी तो जाऊ दिला. पाणवठ्यावर बाया म्हणू लागल्या की पोरगी दगडाच्या काळजाची निघाली. नवा संसार दिसताच भाऊ विसरली. हे बोलणं तिच्या सासरपर्यंत, पार आर्णीकडच्या त्या तांड्यापर्यंत गेलं. पहिल्या दिवाळीला तिला आणायला मी जायचं, ही रीत. आईने मला अडवलं. जिला भावासाठी डोळ्यात पाणी आलं नाही तिला माहेरची दिवाळी कशाला, म्हणाली. माझी बाजू घेऊन भांडत होती बिचारी! मी फक्त एवढंच म्हणायचं होतं की मीच थांबवलं तिला. एक वाक्य. निघण्यासाठी भरलेली पिशवी परत खुंटीला अडकवली आणि हातपाय धुवायला गेलो. दोन दिवाळ्या रुपली आली नाही. बापू एकटाच जाऊन बघून आला. ती सुकलीय, म्हणाला.

आणि मी काय केलं? मी त्यावर कथा लिहिली. नवरीचा ढावलो. बापूचा खांदा, आईचे बलिये, गाईचा कान— तिचं सगळं जसंच्या तसं उचललं. फक्त भावापाशी आलो आणि तिथं काहीच नव्हतं. मग चांदणं आणलं, पाखरं आणली, आसवांचे पूर आणले, दोन पानं भरली. सरांना फार आवडली. तू तर भावासाठी नसतं म्हणाला होतास, त्यांनी विचारलं. कल्पनेनं लिहिलं, असं मी सांगितलं. तेव्हा कळला मला सरांना न विचारलेला तो फरक— कुणी न शिकवता. तिच्याकडे सांगण्यासारखं होतं म्हणून ती लांब बोलत होती. माझ्याकडे काही नव्हतं म्हणून मी.

आई मागच्या थंडीत गेली. शेवटपर्यंत तिच्या मनात रुपलीबद्दल ती अढी होतीच. रुपली आली, आईच्या उशाशी बसून सुरात रडली. सगळं म्हणाली, बलिये, परात, उजाडणं. मी दाराशी उभा होतो. कुणीही मनगटाकडे पाहिलं नाही.

दहाव्यानंतर ती निघाली तेव्हा मी तिच्यामागे फाट्यापर्यंत गेलो. मी गोरबोलीतच विचारलं की त्या दिवशी माझ्यासाठी काय जुळवलं होतंस. लग्नापासून ती माझ्याशी मराठीतच बोलते. इतरांशी गोरबोलीत, माझ्याशी मराठीत. तिने डोक्यावरचं गाठोडं नीट केलं.

‘आता काहून विचारून राह्यला?’ ती म्हणाली. ‘थोडकंच होतं, गुरुजी.’

मग मोटर आली.