कॉम्प्युटर आकडा बदलत नाही

हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. पत्नीपाशी नाही, ज्यांच्यासोबत उभी नोकरी गेली त्या सहकाऱ्यांपाशीही नाही. लिहिण्याची सवय मला नाही. निवृत्तीनंतर, नांदेडच्या या घरात, मी लिहायला शिकतो आहे — आणि कोणताही विषय घेतला तरी पेन फिरून एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतं. तेव्हा तीच सांगून टाकतो. टाकतो म्हणालो खरा. पण पाहा, परिच्छेद संपत आला आणि मी अजून दाराबाहेरच उभा आहे.

भूकंपाला काही वर्षं लोटली होती. लातुरात एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवत होतो. शहराला तेव्हा शिकवण्यांची भरती आली होती: गल्लोगल्ली क्लास, प्रत्येक माडीवर खोल्या पाडून ठेवलेली बाहेरगावची मुलं, रविवारी चाचणी आणि सोमवारी भिंतीवर गुणानुक्रम. मी कुठल्याच क्लासला शिकवायला गेलो नाही. तत्त्व म्हणून नव्हे — माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचत नसे. मुलं हसत. मग मी घरी येई, दार लावून घेई आणि कॉम्प्युटरचं झाकण उघडून बसे.

त्या काळच्या मदरबोर्डवर जम्पर नावाच्या दाण्याएवढ्या टोप्या असत. एक टोपी उचलून शेजारच्या काड्यांवर बसवली की कॉम्प्युटर नेमून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने धावू लागे. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. तो तापतो, अडखळतो. मग थोडं अधिक व्होल्टेज द्यायचं, मोठा पंखा लावायचा आणि आणखी एक पायरी चढायची. ज्याला वर्गात ‘शांत बसा’ एवढं म्हणता येत नव्हतं, त्याला ही आज्ञाधारकता किती गोड वाटली असेल — हे वेगळं सांगायला हवं का? सुटे भाग विकणाऱ्या एका मित्राच्या नांदेडच्या दुकानात आम्ही चार-पाच जण रविवारी जमत असू. कोणाचं मशीन किती वर गेलं, एवढीच चर्चा. तो आकडा जगात आम्हा चार-पाच जणांनाच ठाऊक असे. एवढ्यासाठी पुढचं सारं घडलं. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे नंतर मला एखादं मोठं कारण शोधायची बुद्धी होणार नाही.

शेजारच्या घरात सुमनताई राहत. मूळच्या निलंग्याकडच्या. भूकंपात घर बसलं तेव्हा पती आत होते आणि त्या अंगणात निजल्या होत्या. लातूरला येऊन त्या टायपिंग शिकल्या, कॉम्प्युटर शिकल्या आणि एका मोठ्या क्लासच्या प्रश्नपत्रिका जुळवून देऊ लागल्या. कधी भर दुपारी आमच्या दारात येऊन विचारत, ‘आत्ता हललं का हो जरासं?’ हललेलं नसे. त्या ओशाळून हसत आणि परत जात. पायाखालचं खरं किती आणि मनातलं किती, हे त्यांना दुसऱ्याला विचारून ठरवावं लागे. टायपिंगपुरतं मात्र नाही. तिथे त्या कोणालाच विचारत नसत. एकदा मला म्हणाल्या, ‘सर, ह्या डब्यात टाकलेलं जिथल्या तिथं राहतंय बघा. म्हणून बरं वाटतं.’

त्यांच्या कॉम्प्युटरला माझ्याशिवाय कोणी हात लावू नये, असा त्यांचा दंडक होता. त्याला कारण होतं. जुन्या बोर्डांना वीज देणारे दोन वेगवेगळे प्लग असत. दोन्ही सारखेच दिसत आणि अदलाबदल केली तरी बसत. दोन्हींच्या काळ्या तारा मध्यभागी एकमेकींना लागून आल्या पाहिजेत, एवढाच नियम. एका मेकॅनिकने घाईत ते उलटे बसवले आणि पहिला बोर्ड धूर काढून गेला. तेव्हापासून मी. नवा बोर्ड मी बसवला, चालू काम तात्पुरतं धरून ठेवणारी मेमरीची पट्टीही मीच हैदराबादहून आणली — एक त्यांच्यासाठी, एक माझ्यासाठी. दोन्ही एकाच बनावटीच्या, शेजारी ठेवल्या तर ओळखू येऊ नयेत अशा.

अशा दोन पट्ट्याही एकसारख्या नसतात. एक वाढवलेला वेग सोसते, दुसरी सोसत नाही. माझी सोसत नव्हती. मी तिला अनेक महिने जास्तीच्या व्होल्टेजवर राबवली, तापवली, आणि तरीही वरच्या पायरीवर मशीन बंद पडे. नांदेडला मी तो आकडा आधीच बोलून बसलो होतो — बढाई मारण्याची सवय नसलेला माणूस एकदाच बोलतो आणि त्यातच अडकतो. ताईंची पट्टी कशी असेल, हा विचार पहिल्यांदा केव्हा आला ते आठवत नाही. आठवतं ते हे की तो आल्यावर मी दचकलो नाही.

एका दुपारी धूळ झाडून देतो म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. माझी पट्टी शर्टाच्या खिशात होती. ताई आत धपाटे भाजत होत्या. अदलाबदलीला कितीसा वेळ लागतो? दोन्हीकडच्या खिट्ट्या दाबायच्या, एक काढायची, दुसरी बसवायची. मशीन सुरू केलं. पडद्यावर मेमरीची मोजदाद बिनचूक उमटली. मी स्वतःला म्हणालो, साध्या वेगावर हिला काय होणार आहे. म्हणालो, दोन्ही मीच आणल्या होत्या, पहिल्याच दिवशी हीच त्यांच्या वाट्याला आली असती तर? पण पहिल्या दिवशी ती भाजलेली नव्हती — भाजली मी. हे मला ठाऊक होतं. ताईंनी धपाटे आणि दही पुढे ठेवलं. मी खाल्लं. आणखी एक मागून घेतलं.

माझं मशीन वरच्या पायरीवर टिकलं. नांदेडच्या दुकानात मित्रांनी माझी पाठ थोपटली.

उन्हाळा लागला तसे ताईंच्या प्रश्नपत्रिकांत आकडे चुकू लागले. एका चाचणीत एका उदाहरणाला चारांपैकी एकही पर्याय जुळेना. मुलांनी त्यावर वेळ घालवला, पालक भांडायला आले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. क्लासचे मालक — सगळे त्यांना अण्णा म्हणत — ताईंच्या ओसरीवर आले तेव्हा मी माझ्या अंगणात होतो.

‘ताई, प्रुफात बरोबर होतं म्हणालाव. मग काय आकडे उठून फिरायला गेलते का?’

अण्णांनी आवाज खाली आणला. त्यांना वाटलं असावं, आपण दयाळूपणे बोलतो आहोत. ‘तुमच्यावर काय बेतलं ते सगळ्यांला म्हाईत हाय. डोक्याला ताण बसतोच की. पण माझी पोरं मागं पडायलीत.’

दोन दिवसांनी ताई माझ्याकडे आल्या. हातात दोन कागद होते: त्यांनी तपासून खूण केलेलं प्रुफ, आणि तीच फाइल पुन्हा उघडून काढलेली छापील प्रत. प्रुफात तीन, प्रतीत सात. प्रुफात एक, प्रतीत पाच. दोनाच्या जागी सहा.

मी भौतिकशास्त्राचा शिक्षक. कागद हातात घेताच मला कळलं. माणूस घाईत चुकतो तेव्हा शेजारची कळ दाबतो. तिनाच्या शेजारी दोन असतो, चार असतो, सात तिथून लांब असतो. पण मेमरीत आकडा एकाची, दोनाची, चाराची, आठाची अशा विजेच्या खुणांनी मांडलेला असतो, आणि तीन व सात यांत फरक एकाच खुणेचा — चाराच्या खुणेचा. ती रिकामी असायला हवी तिथे भरून राहिली की चुकलेला प्रत्येक आकडा नेमका चाराने वाढतो. माणसाचं मन अशा शिस्तीने चुकत नाही. भाजलेली पट्टी चुकते. त्या कागदावर ताईंचं निर्दोषपण इतक्या स्पष्टपणे छापलेलं होतं, आणि ते वाचू शकणारा त्या गल्लीत मी एकटाच होतो.

‘सर, मशीन तर बिघडलं नसंल ना?’ त्यांनी विचारलं. ‘का माझंच डोकं ठिकाणावर न्हाई? तुम्ही सांगाल ते मी खरं मानीन.’

त्यांनी दार उघडून दिलं होतं. मला फक्त ‘हो, मशीनच’ एवढं म्हणायचं होतं. पट्टी कोणाची, कशी आली, हे सांगण्याचीही गरज नव्हती. तरीही — मशीन म्हटलं तर झाकण उघडलं जाईल, कोणी तरी पट्टी बाहेर काढेल, विचारेल. एवढी दूरची भीती. आणि त्याहून जवळचं म्हणजे, त्यांची पट्टी त्या क्षणी आतल्या खोलीत माझा आकडा तोलून धरत होती.

मी म्हणालो, ‘कॉम्प्युटर स्वतःहून आकडा बदलत नाही, ताई. फाइल पुन्हा उघडताना तुमचा हात लागत असेल. माणसाच्या लक्षातही येत नाही. थोडी विश्रांती घ्या.’

चोरी आधी झाली होती. पण मला जे सांगायचं होतं ते हे वाक्य. त्या कागदांची घडी घालून त्या म्हणाल्या, ‘तेच असंल.’ माझ्यावर त्यांनी क्षणभरही संशय घेतला नाही. स्वतःवर घेतला.

निलंग्याहून त्यांचा धाकटा भाऊ आला. त्याने त्यांना मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. तेव्हा मात्र मी घाबरलो, आणि धूळ झाडण्याच्या निमित्ताने पुन्हा जाऊन त्यांची पट्टी परत बसवली. चूक सुधारली असं मला वाटलं. त्या रात्री मी चक्क झोपलो.

पुढे काय झालं असेल, तुम्हाला एव्हाना कळलं असेल. मला तेव्हा कळलं नाही. चुका थांबल्या. भाऊ आनंदाने म्हणाला, ‘अक्का, गोळ्या लागू पडल्या बघ.’ अण्णांनी पेढे पाठवले. ताईंच्या मनात जी थोडी शंका उरली होती, ती माझ्या त्या दुरुस्तीने पुसली: गोळ्यांनी चुका थांबल्या म्हणजे दोष डोक्यातच होता. पट्टी परत ठेवून मी त्यांचा शेवटचा पुरावाही काढून घेतला होता. गोळ्या त्यांनी सोडल्या नाहीत. त्या गोळ्यांनी हात जड झाला, काम मागे पडू लागलं. एक आकडा टाकायचा आणि कोणाला तरी बोलावून दाखवायचा. वर्ष सरण्याआधी भाऊ त्यांना निलंग्याला घेऊन गेला. मशीन विकताना त्यांनी मला बोलावलं — तारा सोडवायला.

मध्यंतरी लातूरच्या बसस्थानकावर त्या दिसल्या. केस पांढरे झालेले, सोबत भाची. मला पाहून चेहरा उजळला, आणि लगेच त्या भाचीकडे वळल्या: ‘हे सरच हायत ना गं? शेजारचे?’ मी हो म्हणालो. त्यांना भाचीचं ऐकायचं होतं. ती हो म्हणाली, मग त्या माझ्याशी बोलू लागल्या.

म्हणाल्या, ‘तुम्ही वेळेवर सांगितलंत, सर. न्हाईतर मी त्या मशीनलाच बोल लावत बसले असते.’

मी काय केलं असेन? मी तब्येतीची चौकशी केली. पाऊसपाणी विचारलं. बस लागली तेव्हा त्यांची पिशवी वर ठेवून दिली.

नांदेडहून निलंग्याला जाता येतं. घर कुठे आहे ते भाचीने सांगितलं होतं. त्यांचं डोकं शाबूत होतं, एकही आकडा त्यांनी चुकवला नव्हता, हे मी त्या दोन कागदांवर पाहिलं होतं. हे आता तुम्हाला सांगितलं. त्यांना सांगितलेलं नाही.